अकरा वर्षं हसलो, ते चुकलं का?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. सत्तरी ओलांडलेल्या आहेत. 1972 साली लग्न होऊन तिकडे गेल्या, तेव्हा यजमान एका सरकारी इस्पितळात रेसिडेन्सी करत होते. दोघांनी मिळून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली मालिका एकच, 'मॅश'. कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी इस्पितळातल्या अमेरिकन डॉक्टर-नर्सेसची ही विनोदी मालिका. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी जपलेला डीव्हीडींचा अख्खा संच नातीला लग्नात द्यायचा, असं बाईंच्या मनात होतं.

नातीचं लग्न ठरलंय कोरियन-अमेरिकन मुलाशी. दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा जेवायला जमली, तेव्हा मुलाच्या आजीशी काहीतरी बोलावं म्हणून या उत्साहाने म्हणाल्या, "आम्ही मॅश बघायचो ना, उइजोंगबू मला चांगलं माहीत आहे!" (मालिकेतलं इस्पितळ या कोरियन गावाजवळ दाखवलंय.) त्या आजी हसल्या आणि नंतर जेवण होईपर्यंत फारसं बोलल्या नाहीत. परतताना गाडीत नात म्हणाली, "आजी, ती सिरियल रेसिस्ट आहे. बायकांची टिंगल करते. लग्नात प्लीज तिचं नाव काढू नकोस." मागाहून कळलं, की त्या आजी नऊ वर्षांच्या असताना उत्तर कोरियातल्या हुंगनाम बंदरातून जहाजाने निघाल्या होत्या. मोठा भाऊ मागे राहिला, तो राहिलाच.

बाई विचारतात, "आम्ही अकरा वर्षं हसलो, ते चुकलं का? त्या आजींची माफी मागू का? या डीव्हीडींचं मी आता काय करू? ह्यांचं हसणं आहे हो त्यात."

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य मी आधी धरते, कारण गुंता तिथूनच सुरू झालाय. नातीने मालिकेला नावं ठेवली आणि ती तुम्हाला यजमानांना ठेवल्यासारखी लागली. साहजिक आहे. पण पत्र पुन्हा वाचून बघा, नातीने आजोबांबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तिने एका टीव्ही मालिकेबद्दल मत दिलं, तेही बहुधा मोबाइलवर दोन-चार तुकडे बघून. आजोबा आणि मॅश हे तुमच्या मनात एक झालेत. तिला आजोबा माहीत आहेत ते म्हातारे, निवृत्त, बागेत टोमॅटो लावणारे किंवा तसेच काहीतरी. रात्रपाळीहून येऊन सोफ्यावर पाय वर घेऊन खो-खो हसणारा तिशीतला मराठी डॉक्टर तिने पाहिलेलाच नाही. त्यामुळे ती कशावर बोट ठेवतेय आणि तुम्हाला कुठे दुखतंय, याचा तिला पत्ताच नाही.

यजमान त्या मालिकेला का चिकटले असतील, याचा मला थोडा अंदाज येतो. 1965 मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याकडचे डॉक्टर तिकडे मोठ्या संख्येने जाऊ लागले. बऱ्याच जणांच्या वाट्याला आली ती, जिथे स्थानिक डॉक्टर जायला फारसे राजी नसत अशी सरकारी इस्पितळं. लांबलचक ड्यूट्या, वर बसलेला कुणीतरी हेकट साहेब, अपुरं सामान, आणि "डॉक्टर, तुमचे उच्चार कळत नाहीत" हे रोज ऐकणं. अशा माणसाला पडद्यावर हॉकाय पिअर्स दिसतो. शस्त्रक्रिया करताना तोंडाने अखंड बडबड करणारा, वरिष्ठांना कवडीची किंमत न देणारा, पण हात कधी न चुकणारा. जखमींना आणणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज इतरांना यायच्या आधीच तो रडार नावाच्या कारकुनाला ऐकू येतो. फ्रँक बर्न्ससारखा अडाणी आणि अहंमन्य सर्जन हुद्द्याच्या जोरावर मिरवतो. हे सगळं इस्पितळातल्या कुठल्याही माणसाला आपल्या घरचंच वाटणार. यजमान हसत होते ते कोरियावर नव्हे, रोज अंगावर येणाऱ्या इस्पितळी कारभारावर. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. चुकलं नाही.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट सांगते, राग मानू नका. मॅश बघून तुम्हाला उइजोंगबू माहीत झालेलं नाही.

तुम्हाला माहीत आहेत ते कॅलिफोर्नियातले डोंगर. मालिकेचं बाहेरचं चित्रीकरण मालिबू क्रीकच्या परिसरात व्हायचं, आतलं स्टुडिओत. आणि मालिका ज्या युद्धाबद्दल बोलत होती, ते तरी कुठे कोरियाचं होतं? 17 सप्टेंबर 1972 ला पहिला भाग लागला, तेव्हा अमेरिकन पोरं व्हिएतनाममध्ये मरत होती. त्याबद्दल दर आठवड्याला विनोद करायला कुठलंच चॅनल धजावलं नसतं. मग वीस वर्षं मागचं, लोक विसरून गेलेलं युद्ध घेतलं आणि त्याच्या आडून बोलायचं ते बोलून घेतलं. खरं कोरियन युद्ध चाललं तीन वर्षं आणि महिनाभर, जून 1950 ते जुलै 1953. मालिका चालली अकरा हंगाम.

तुम्ही लिहिलंय, की हेन्री ब्लेक गेला त्या रात्री यजमान जेवले नाहीत. तो भाग 18 मार्च 1975 चा. दिलखुलास, गोंधळ्या कर्नल घरी जायला निघतो, सगळे निरोप देतात, आणि शेवटी रडार शस्त्रक्रियेच्या खोलीत येऊन तार वाचतो: विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. ते शेवटचं पान निर्मात्यांनी बहुतेक नटांपासूनसुद्धा आधी लपवून ठेवलं होतं. प्रेक्षकांची चिडलेली पत्रं आली. विनोदी मालिकेतलं लाडकं पात्र असं मारायचं नसतं, हा तोवरचा रिवाज होता. त्यानंतर दीड महिन्याच्या आत व्हिएतनाममधलं सायगाव पडलं. त्या रात्री अमेरिकेतल्या घराघरांतून कुणाचा तरी मुलगा आठवला असणार, आणि तो कोरियातला नव्हता.

म्हणून मॅश ही अमेरिकेने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आहे, आणि ती मला चांगली वाटते. कोरिया तिच्यात मागच्या पडद्यासारखा आहे. तुमची नात हेच म्हणतेय, फक्त वयाला शोभेल अशा घाईने.

तिचं म्हणणं कितपत खरं? पहिले दोन-तीन हंगाम घेतले, तर बरंच खरं. अगदी पहिला भागच बघा. होजॉन नावाच्या कोरियन पोराला हॉकायच्या कॉलेजात अमेरिकेला पाठवायचंय, त्यासाठी पैसे हवेत. हेतू किती चांगला! पैसे उभे कसे करतात? एका नर्सबरोबर टोकियोत शनिवार-रविवार घालवण्याची सोडत काढून. एकाच भागात गरीब कोरियन मुलाबद्दलचा कळवळा आणि बाईची सोडत, दोन्ही सुखाने शेजारी नांदतात. होजॉनचं काम करणारा नट कोरियन नव्हता, फिलिपिनो वंशाचा होता. पुढेही कोरियन शेतकरी, डॉक्टर, सैनिक अशी कामं बहुतेक वेळा जपानी किंवा चिनी वंशाच्या नटांनी केली. सून-टेक ओ यांच्यासारखे खरोखरचे कोरियन नट मोजकेच. सुरुवातीला एक कृष्णवर्णीय सर्जन होता, त्याला वर्णावरून चिकटवलेलं घाणेरडं टोपणनाव होतं, आणि तो पहिल्याच हंगामात कुठेतरी नाहीसा झाला. मेजर मार्गारेट हूलिहानला सुरुवातीला नावाने हाक कमीच, ओठांवरून ठेवलेल्या टोपणनावानेच जास्त. बाईने सुटकेसाठी काही केलं की विनोद, पुरुषाने काही केलं की बंड. क्लिंगर नावाच्या सैनिकाचा बायकी पोशाखही हसण्यासाठीच, वेडा ठरून घरी जायला मिळावं म्हणून घातलेला. ताई, तुम्ही इस्पितळातल्या नर्सेसना ओळखत असाल. त्यातल्या एखादीला हे बघताना काय वाटत असेल, हा प्रश्न नातीने विचारला तर तो रास्तच आहे.

पण नातीला बहुधा माहीत नसलेली गोष्ट अशी, की ही मालिका चालता चालता बदलत गेली, आणि स्वतःच्याच चुकांवर बोट ठेवायला लागली. 1976 मधला नर्सेसवरचा भाग आठवतो? कडक शिस्तीची मार्गारेट आपल्या हाताखालच्या मुलींवर भडकते, आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटतो. तुमच्यापैकी एकीने तरी मला कधी एक कप कॉफी विचारली का, असं ती विचारते. समोरच्या मुली गप्प. आपल्याला ती नकोच असेल असं वाटलं होतं, एवढंच त्यांना म्हणता येतं. तिथून मार्गारेट हसण्याचा विषय राहत नाही, माणूस होते.

त्याहून मला आवडतो तो शेवटच्या हंगामातला, नर्स केलीचा. केली नाकाहारा ही हवाईची, जपानी वंशाची नटी. सुरुवातीच्या हंगामांपासून ती मालिकेत आहे, पण कुठे? मागे. ट्रे धरून, मास्क लावून, कोपऱ्यात. एखाद-दुसरं वाक्य. 1982 मध्ये तिच्यावर एक पूर्ण भाग लिहिला गेला. सगळ्या नर्सेसच्या मागे लागणारा हॉकाय आपल्याकडे बघतसुद्धा नाही, हे ती त्याला तोंडावर सुनावते. नायकाला, सगळ्या अमेरिकेच्या लाडक्याला, एक आशियाई चेहऱ्याची बाई विचारते की मी तुला इतकी वर्षं दिसलेच कशी नाही. मालिकेने स्वतःचाच कान धरला तो असा. उशीर झाला, हे खरं. पण धरला.

(माझं मत विचाराल तर सुरुवातीचे हंगाम जास्त हसवतात आणि शेवटचे जास्त सभ्य आहेत. शेवटी शेवटी मालिका प्रवचनाकडेही झुकते. ब्लेकच्या जागी आलेला कर्नल पॉटर दिसला की दर भागात काहीतरी शिकवण मिळणार, अशी धास्ती वाटते. दोन्ही एकत्र मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण तसं फार थोड्या भागांत आहे.)

म्हणून नातीपुढे "त्या काळी असंच होतं" हे वाक्य वापरू नका. आपल्या पिढीचं ते फार आवडतं वाक्य आहे, आणि खोटंही. त्या काळातही सगळ्यांना ते चालत नव्हतं. हॉकायचं काम करणारा खुद्द ॲलन आल्डा सत्तरच्या दशकात बायकांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी प्रचार करत होता, आणि मालिका बदलण्यात त्याचा मोठा वाटा होता. नातीला सांगायचंच तर असं सांगा: "तू म्हणतेस ते आहे त्यात. मला तेव्हा खटकलं नाही, आज खटकतं." किंवा आजही खटकत नसेल, तर तेही सांगा. खोटं बोलून तिच्या बाजूला जाण्यापेक्षा ते बरं.

आता त्या आजींकडे येऊ.

त्या गप्प झाल्या म्हणजे दुखावल्या, असं तुम्ही धरून चाललात. नातीनेही तेच धरलं. कुणी त्यांना विचारलं का? ऐंशी ओलांडलेली बाई, इंग्रजी फारसं अंगवळणी नसेल, नव्या सोयऱ्यांसमोर अवघडलेली. कदाचित त्यांना मॅश हे नावच कळलं नसेल. कदाचित त्यांनीही ती मालिका पाहिली असेल आणि हसल्याही असतील. तसं झालं तर तुमची नातच तोंडघशी पडेल. किंवा उइजोंगबू हा शब्द कानावर पडला आणि मन भलतीकडे गेलं. यातलं काय खरं, हे तुम्ही आणि मी पत्रातून ठरवू शकत नाही.

पण हुंगनामचं कळल्यावर थोडं समजून घेता येतं. जून 1950 ते मार्च 1951 या नऊ महिन्यांत सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. 1950 च्या अखेरीस चिनी फौजा उत्तरेकडून लोंढ्यासारख्या आल्या, तेव्हा डिसेंबरमध्ये अमेरिकन आणि दक्षिण कोरियन सैन्य हुंगनाम बंदरातून समुद्रमार्गे मागे हटलं. किनाऱ्यावर लोकांची झुंबड उडाली. सैन्याबरोबर सुमारे एक लाख नागरिकांनाही जहाजांवर घेतलं. मेरेडिथ व्हिक्टरी नावाच्या एकाच मालवाहू जहाजात 14,000 च्या आसपास माणसं दाटीवाटीने भरली होती. त्या प्रवासात जहाजावर पाच बाळं जन्मली. चार दिवसांत परत येऊ, अशा समजुतीने कित्येकांनी म्हाताऱ्यांना, थोरल्या मुलांना घर राखायला मागे ठेवलं. जुलै 1953 ला शस्त्रसंधी झाला, सीमा बंद झाली, आणि ती उघडलीच नाही. त्यांचा भाऊ त्यातच अडकला असणार.

तुमच्या आठवणीतला एक सोमवार 28 फेब्रुवारी 1983 चा आहे. मॅशचा शेवटचा, अडीच तासांचा भाग. साडेदहा कोटींच्या वर लोकांनी पाहिला, आणि तुमच्या घरी त्या दिवशी रेसिडेंट पोरांची पंगत होती, असं तुम्हीच लिहिलंय. त्याच वर्षी, चारच महिन्यांनी, 30 जूनला दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीने एक कार्यक्रम सुरू केला. युद्धात ताटातूट झालेल्यांनी कॅमेऱ्यासमोर यायचं आणि हरवलेल्या माणसाचं नाव, गाव, अंगावरची खूण सांगायची. एका रात्रीपुरता ठरवलेला कार्यक्रम 138 दिवस चालला. एक लाखावर लोकांनी अर्ज केले. सोलमधल्या केबीएसच्या इमारतीच्या भिंती हाताने लिहिलेल्या कागदांनी भरून गेल्या, नंतर समोरचं आवारही. दहा हजारांवर कुटुंबं जुळली. पन्नाशीची माणसं पडद्यावर एकमेकांना "तुझ्या कपाळावरचा तो व्रण आहे का अजून?" असलं काही विचारत आणि मग हंबरडा फोडत. उत्तरेत राहिलेल्यांना मात्र तिथून कसं शोधणार? त्या आजींच्या भावासारख्यांसाठी तो कार्यक्रम नव्हता. एकाच युद्धाचं टीव्हीवरचं हे दुसरं रूप, एकाच वर्षातलं.

मॅशच्या त्या शेवटच्या भागातलं सर्वांत भयंकर दृश्य तुम्हाला आठवत असेलच. हॉकाय मनोरुग्णालयात आहे. शत्रूची गस्त जवळ असताना बसमध्ये सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं होतं, आणि एका कोरियन बाईच्या हातातली कोंबडी कलकलाट करत होती, ती तिने गळा दाबून मारली, असं तो सांगत राहतो. डॉक्टर सिडनी फ्रीडमन त्याला पुन्हा पुन्हा त्या बसमध्ये नेतो. शेवटी कळतं की ती कोंबडी नव्हती, बाळ होतं. तिचं स्वतःचं. आणि तिला गप्प कर म्हणून ओरडला होता तो हॉकायच. टीव्हीवर याच्याइतकं धाडसाचं लेखन मी फार कमी पाहिलंय. पण बघा, पुढे सगळी गोष्ट हॉकाय बरा कसा होणार याची आहे. त्या आईचं पुढे काय झालं, हे मालिका विचारतसुद्धा नाही.

तुमच्यासमोर बसलेली बाई त्या बसमधल्या दुसऱ्या बाजूची आहे. म्हणून मी म्हणते, तिच्याशी मॅशवरून बोलणं सुरू करू नका. विषय वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या गोष्टीत ती मागच्या रांगेत उभी आहे म्हणून.

माफी मागायची का? माझं मत, नको. निदान समारंभाने तर नकोच. तुम्ही डोळ्यांत पाणी आणून माफी मागितलीत तर नातवाला दुभाषा व्हावं लागेल, चारचौघं बघतील, आणि त्या बिचाऱ्यांना उलट तुमचीच समजूत काढावी लागेल. त्याऐवजी नातजावयाला एकट्याला गाठून विचारा, "तुझी आजी त्या दिवसांबद्दल बोलते का? तिला आवडतं का कुणी विचारलेलं?" त्याला माहीत असेल. काही घरांत ते रोजचं बोलणं असतं, काही घरांत मुलांनाही सांगितलेलं नसतं. त्याचं उत्तर येईपर्यंत युद्ध बाजूला ठेवा. बोलायला बाकी काय कमी आहे? दोघी साधारण एकाच सुमाराला, एकाच कायद्यामुळे उघडलेल्या दारातून त्या देशात शिरला असाल. पहिल्या हिवाळ्यात मिरच्या, लसूण, तांदूळ कुठे मिळायचे, मुलांनी आपली भाषा कधी सोडली, डब्याच्या वासावरून शाळेत काय झालं, हे त्यांना विचारा आणि तुमचं सांगा. लग्नात काय नेसणार ते विचारा. त्यांनी आपण होऊन भावाचं नाव काढलं, तर ऐका, आणि "हो, मी टीव्हीवर पाहिलंय" हे वाक्य गिळून टाका. तेवढी एक गोष्ट जमली तरी खूप झालं.

तुम्हाला कोरियाशी एखादा धागा हवाच असेल, तर तो मॅशपेक्षा खरा असा आपल्याकडे आहे, आणि मराठी माणसं तो सहसा विसरतात. तिथे भारताचं एक खरंखुरं फिरतं लष्करी इस्पितळ होतं. 60 वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली, नोव्हेंबर 1950 मध्ये तिथे पोचली. प्योंगयांगहून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा सामान सोडून जायला ही मंडळी तयार नव्हती. त्यांनी एक वाफेचं इंजिन हुडकलं, हाताने पाणी भरलं आणि पूल उडवण्याआधी गाडी पलीकडे काढली. मार्च 1951 मध्ये मुन्सानला अमेरिकन सैनिकांबरोबर आपल्या डॉक्टर-जवानांच्या तुकडीने हवाई छत्र्यांनी उड्या मारल्या. रंगराज यांना महावीरचक्र मिळालं. शस्त्रसंधीनंतर घरी परत जायला नकार देणाऱ्या वीस हजारांवर युद्धकैद्यांना सांभाळायला जी भारतीय फौज गेली, तिचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. तुमचे यजमान हयात असते, तर हे ऐकून त्यांना मॅशचा आणखी एक हंगाम सुचला असता.

पण हेही त्या आजींच्या पुढ्यात अभिमानाने मांडू नका. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना ती भारतीय फौज नको होती. आपल्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही म्हणाले, म्हणून जवानांना बंदरावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. ज्या घराने भाऊ गमावला, त्या घराचं त्या सगळ्या वाटाघाटींबद्दल काय मत असेल, कुणी सांगावं. ही गोष्ट नातीला आणि नातजावयाला सांगा. त्यांना दोघांना मिळून शोधायला एक विषय होईल.

राहिला डीव्हीडींचा संच. लग्नातली भेट म्हणून देऊ नका. लग्नाच्या भेटीवर घेणाऱ्याला हसून "अरे वा" म्हणावंच लागतं, आणि नातीला या बाबतीत ते जड जाईल. मग तो संच कपाटात जाईल आणि तुम्ही दर भेटीत विचाराल, पाहिलात का. नकोच ते. फेकूनही देऊ नका, कुणाला वाटूनही टाकू नका. लग्न होऊ द्या, पाहुणे जाऊ द्या, सहा महिन्यांनी नातीला एकटीला दोन दिवस राहायला बोलवा, आणि तिला सांगा की तुझे आजोबा कुठे हसायचे ते दाखवायचंय. मॅश दाखवायचंय असं म्हणू नका.

सगळे हंगाम नकोत, तीन-चार भाग पुरेत. पहिल्या हंगामातला तो दाखवा, ज्यात हॉकायचा लेखक मित्र टेबलावर दगावतो, आणि हेन्री ब्लेक त्याला युद्धाचे दोन नियम सांगतो: तरुण माणसं मरतात, आणि डॉक्टरांना ते बदलता येत नाही. ब्लेकच्या निरोपाचा भाग. नर्स केलीचा भाग, तो नातीसाठी. आणि 1976 चा तो कृष्णधवल भाग, ज्यात वार्ताहर एकेकाची मुलाखत घेतो. त्यात फादर मल्केही सांगतो, की कडाक्याच्या थंडीत डॉक्टर जखमीचं शरीर उघडतात, आतून वाफ निघते, आणि त्या वाफेवर ते क्षणभर हात शेकतात. निर्मात्यांनी कोरियात काम केलेल्या डॉक्टरांशी तासन्‌तास बोलून असं बरंच गोळा केलं होतं. यजमान सर्जन असोत वा नसोत, हे ऐकताना ते काय म्हणाले होते, ते आठवत असेल तर तिला सांगा.

एक तांत्रिक सूचना, ती महत्त्वाची आहे. चॅनलच्या हट्टामुळे मालिकेत आधी रेकॉर्ड केलेलं हसू घातलेलं होतं. निर्मात्यांनी भांडून एवढंच मिळवलं, की शस्त्रक्रियेच्या खोलीत ते वाजणार नाही. डीव्हीडीच्या ध्वनीच्या पर्यायांत ते हसू बंद करता येतं. बंद करा. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती बहुतेक तशीच दाखवली. हसू काढलं की मालिका निम्मी गंभीर होते, आणि विनोद जिथे खरोखर जमलाय तिथे नात आपोआप हसते. जिथे नाही जमला, तिथे शांतता पसरेल. ती पसरू द्या. मध्ये पडून समजावून सांगू नका.

आपल्या तरुणपणीचं काहीही मुला-नातवंडांना दाखवायला बसणाऱ्या सगळ्यांसाठी, मग ती दूरदर्शनवरची जुनी मालिका असो की एखादं गाजलेलं नाटक, हेच म्हणेन. रिमोट त्यांच्या हातात द्या. नको वाटलं तर बंद करू दे. काय खटकेल ते आधीच सांगून टाका, म्हणजे पकडल्यासारखं होत नाही. आणि भाग संपल्यावर "कसा वाटला?" विचारू नका. तुमचं तुम्ही काहीतरी सांगा, त्यावर ती बोलेल. तिच्या बोलण्यात आजोबांबद्दल एखादा प्रश्न आला, तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवायला सांगा. तिच्या मुलांना मॅश कळेल न कळेल, पणजोबांबद्दल कधीतरी नक्की विचारतील.

आणि हो, नातीकडे डीव्हीडी प्लेअर असण्याची शक्यता फारशी नाही, हल्लीच्या लॅपटॉपना तर तबकडी घालायला खाचच नसते. तिला बोलवण्याआधी तुमचा प्लेअर चालतोय का, ते एकदा लावून बघा.